नवे ग्राफिक्स कार्ड आणि जुना एसएमपीएस

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे गेमिंगच्या डेस्कटॉपमध्ये कोणते भाग बदलावेत याविषयीची आहेत. त्यांतील पाच येथे घेतली आहेत. पहिल्या पत्रातील पेच अनेकांचा असल्यामुळे त्याला जागा सर्वांत अधिक दिली आहे.

प्रश्न : मी माझा डेस्कटॉप २०२० मध्ये शाहूपुरीतील एका दुकानातून असेंबल करून घेतला. त्यात रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, ८ जीबी रॅमची एकच स्टिक, ४ जीबीचे जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड, २४० जीबीची एसएसडी आणि १ टीबीची हार्ड डिस्क आहे. एसएमपीएस, म्हणजे सर्व भागांना वीज पुरवणारा डबा, कॅबिनेटबरोबरच आला होता. त्याच्या लेबलचा फोटो सोबत जोडला आहे. मॉनिटर २४ इंची, १०८०पी, ७५ हर्ट्झचा आहे. व्हॅलोरंट उत्तम चालतो, पण नवे गेम एक तर अडखळतात, नाही तर सुरूच होत नाहीत. पंचेचाळीस हजार रुपये साठवले आहेत. दुकानदार म्हणतात, हे सगळे काढून एएम५ या नव्या सॉकेटचा सेट घ्या. मित्र म्हणतो, बाकी काही करू नकोस, फक्त आरटीएक्स ५०६० बसव. कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : आपण पाठवलेला फोटो मोठा करून पाहिला आणि माझ्या मते अर्धे उत्तर त्या लेबलवरच आहे. वर ठळक अक्षरांत ४५० वॉट छापले आहे, परंतु खालच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात अवघे १६ अँपिअर लिहिलेले आहेत. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड हे दोन्ही खादाड भाग आपली जवळजवळ सगळी वीज या १२ व्होल्टच्या वाटेनेच घेतात. बाराला सोळाने गुणले की १९२ वॉट होतात, आणि गेमिंगच्या दृष्टीने त्या एसएमपीएसची खरी ताकद तेवढीच आहे. रायझन ५ ३६०० वर ६५ वॉट लिहिलेले असले तरी पूर्ण भारात तो ८८ वॉटपर्यंत वीज घेऊ शकतो, आणि आरटीएक्स ५०६० ची मर्यादा १४५ वॉट आहे. बेरीज २३३ होते, आणि त्यात पंखे, डिस्क व मदरबोर्ड यांचा हिशेब अजून धरलेलाच नाही. आपले जीटीएक्स १६५० केवळ ७५ वॉटचे असल्यामुळे इतकी वर्षे निभावून गेले. फोटोच्या कडेला ११५ आणि २३० असे लिहिलेला लाल खटकाही दिसतो. आजच्या चांगल्या एसएमपीएसला तो नसतो, कारण १०० ते २४० व्होल्टपर्यंतचा दाब तो स्वतःच सांभाळून घेतो. मित्राच्या सल्ल्याप्रमाणे आपण नुसते कार्ड बसवले असते, तर पहिल्याच जड गेममध्ये कॉम्प्युटर बंद पडला असता आणि दोष मात्र नव्या कार्डाच्या माथी गेला असता.

तेव्हा पहिली खरेदी एसएमपीएसची करावी. तो ५५० किंवा ६५० वॉटचा असावा आणि त्याच्या लेबलवर १२ व्होल्टची ताकद एकूण ताकदीच्या जवळपास असावी. ८० प्लस ब्राँझ किंवा गोल्ड ही खूण वीज किती वाया जाते एवढेच सांगते, आतील संरक्षण कसे आहे हे सांगत नाही. म्हणून मी खुणेपेक्षा वॉरंटीची वर्षे आधी पाहतो आणि पाच वर्षांपेक्षा कमी वॉरंटी असलेला एसएमपीएस सहसा सुचवत नाही. या भागाने सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांत, म्हणजे फ्रेममध्ये, एकाचीही भर पडत नाही, त्यामुळे त्यावर पैसे घालताना जीव कासावीस होतो, हे मी समजू शकतो.

आता नेमके अडते कोठे ते पाहू. आपण लिहिलेल्या लक्षणांत दोन वेगळी दुखणी मिसळली आहेत. काही नवे गेम सुरूच होत नाहीत, याचे कारण वेगाची कमतरता हे नसून कार्डाची रचना हे आहे. डिसेंबर २०२४ मधील 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' किंवा मे २०२५ मधील 'डूम : द डार्क एजेस' यांसारख्या गेमना रे ट्रेसिंगची, म्हणजे प्रकाशकिरणांचा माग काढून चित्र रंगवण्याची, सोय असलेले कार्ड अनिवार्यच आहे, आणि जीटीएक्स मालिकेत ती सोय मुळातच बसवलेली नाही. तेथे सेटिंग कितीही खाली आणली तरी उपयोग होणार नाही. अडखळण्याचे दुखणे मात्र वेगळे आहे. गेम चालू असताना टास्क मॅनेजर उघडून ठेवावा आणि रॅमचा आकडा पाहावा. ८ जीबीपैकी साडेसात जीबीच्या पुढे तो टेकलेला असेल, तर विंडोज उरलेला भार डिस्कवर टाकत असते, आणि खेळाडू वळला की चित्र क्षणभर गोठते ते त्यामुळेच.

प्रोसेसर अडतो आहे की कार्ड, हे ओळखण्याची एक साधी रीत आहे, तिला पैसा लागत नाही. एकाच गेममधील एकाच ठिकाणी उभे राहून फ्रेम रेट लिहून घ्यावा, मग रिझोल्यूशन १०८०पी वरून ७२०पी वर आणावे. फ्रेम रेट लक्षणीय वाढला, तर कार्डावर भार जास्त होता असे समजावे. तो जागच्या जागी राहिला, तर प्रोसेसर अडला आहे. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर ५० टक्केच वापरात दिसतो म्हणून निश्चिंत राहू नये, कारण प्रोसेसर एका वेळी चालवतो त्या बारा थ्रेडपैकी, म्हणजे कामाच्या धाग्यांपैकी, एकच पुरता थकलेला असला तरी सरासरी कमीच दिसते. व्हॅलोरंटसारख्या हलक्या गेममध्ये तर बहुतेक वेळा प्रोसेसरच मर्यादा घालतो. त्यासाठी नवे कार्ड घेणार असाल तर घेऊ नये. शिवाय आपला मॉनिटर सेकंदाला ७५ पेक्षा अधिक फ्रेम दाखवूच शकत नाही.

कार्डाची निवड करताना आपल्या मदरबोर्डाचे वय आड येते, आणि ही गोष्ट दुकानात सहसा कोणी सांगत नाही. बी४५० वरील ग्राफिक्स कार्डाचा स्लॉट पीसीआय एक्सप्रेस ३.० या पिढीचा आहे. आरटीएक्स ४०६०, आरटीएक्स ५०६०, आरएक्स ७६०० ही कार्डे स्लॉटमधील सोळापैकी आठच लेन, म्हणजे माहिती वाहण्याच्या वाटा, वापरतात. नव्या बोर्डावर त्याने बिघडत नाही, पण आपल्याकडे त्यांना सेकंदाला सुमारे ८ जीबी एवढीच वाट मिळते. कार्डाची स्वतःची मेमरी पुरते तोवर हा फरक थोडाच जाणवतो. मात्र ८ जीबी मेमरी भरून गेम रॅमकडे धाव घेऊ लागला, की तीच अरुंद वाट नडते. आरएक्स ९०६० एक्सटी पूर्ण सोळा लेन वापरते, तिची १६ जीबीची आवृत्ती मिळते आणि ती सुमारे १६० वॉट घेते. आपल्या बोर्डासाठी माझी पहिली पसंती तिलाच राहील. ती अंदाजपत्रकात बसत नसेल, तर ८ जीबीचे कार्ड घेऊन टेक्स्चरची सेटिंग एक पायरी खाली ठेवावी; १०८०पी वर हा तोटा सहन करण्याजोगा आहे. कार्ड कोणतेही घेतले तरी बायोस, म्हणजे मदरबोर्डावरील मूळ सॉफ्टवेअर, अद्ययावत करून त्यात प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारा 'रिसायझेबल बार' हा पर्याय चालू करावा. इंटेलची आर्क बी५८० किमतीच्या मानाने आकर्षक दिसते, परंतु ती या पर्यायाशिवाय फार मागे पडते आणि जुन्या प्रोसेसरसोबत तिचे ड्रायव्हर अधिक भार टाकतात, म्हणून आपल्याला ती सुचवत नाही.

दुकानदारांचा सल्ला चुकीचा नाही, परंतु तो आपल्या रकमेला मानवणारा नाही. २०२२ मध्ये आलेल्या एएम५ वर डीडीआर५ रॅमच चालते, म्हणजे प्रोसेसर, मदरबोर्ड आणि रॅम हे तिन्ही एकाच दिवशी घ्यावे लागतात. त्यातच २०२५ च्या उत्तरार्धापासून रॅमचे भाव भडकले आहेत, कारण मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांनी आपली उत्पादनक्षमता एआयच्या सर्व्हरकडे वळवली आहे. एवढे सगळे घेऊन झाल्यावर कार्डासाठी हातात काही उरणार नाही, आणि नव्याकोऱ्या प्रोसेसरशेजारी तेच जीटीएक्स १६५० बसलेले राहील. फडावर पंच मल्लांची जोड लावताना वजन बघतात, तसेच येथेही बघावे लागते.

एएम४ या सॉकेटमध्ये अजून जीव आहे. २०१७ मधील पहिल्या रायझनपासून चालत आलेल्या या सॉकेटवर रायझन ५००० मालिका बसते. आपल्या ३६०० मधील ३२ एमबी कॅशे, म्हणजे प्रोसेसरच्या आतील जलद मेमरी, दोन तुकड्यांत विभागलेला आहे. २०२२ मधील रायझन ५ ५६०० मध्ये तेवढाच कॅशे एकसंध आहे, आणि गेममध्ये त्याचा फरक पडतो. ९६ एमबी कॅशेचा रायझन ७ ५७००एक्स३डी रास्त भावात मिळालाच, तर त्याहून पुढे जाण्याची गरज पुढील काही वर्षे पडू नये. पण हे आज नको. आधी कार्ड बसवावे, वरची ७२०पी ची परीक्षा पुन्हा करावी, आणि मगच ठरवावे.

प्रोसेसर बदलायचाच झाला तर दोन गोष्टी जपाव्यात. पहिली, बायोसची नवी आवृत्ती जुना प्रोसेसर जागेवर असतानाच टाकावी, नाही तर नवा प्रोसेसर बसवल्यावर पडद्यावर काहीच येणार नाही; आणि ती टाकताना कॉम्प्युटर यूपीएसवर असावा, कारण त्या दोन-तीन मिनिटांत वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. दुसरी गोष्ट मी स्वतः एकदा किंमत मोजून शिकलो. एएम४ च्या प्रोसेसरला खालून पिना असतात, आणि थर्मल पेस्ट वाळलेली असेल तर कुलर सरळ वर ओढताच प्रोसेसर त्याला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो. माझ्या हातात तो असाच आला होता आणि कोपऱ्यातील सहा पिना आडव्या झाल्या होत्या. त्या एटीएम कार्डाच्या कडेने एकेक करून उभ्या करण्यात अख्खी संध्याकाळ गेली. म्हणून आधी दहा मिनिटे गेम चालवून पेस्ट गरम होऊ द्यावी, कॉम्प्युटर बंद करून प्लग काढावा, कुलर जागच्या जागी डावी-उजवीकडे हलके पिळावा, आणि तो सैल झाल्याची खात्री पटल्यावरच उचलावा.

रॅमसाठी आजच्या स्टिकसारखीच दुसरी ८ जीबीची स्टिक मिळाली तर तेवढ्यावर भागेल. प्रोसेसरकडून मोजल्यास दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये त्या बसवाव्यात, म्हणजे दोन्ही वाटांनी माहिती वाहू लागते. रायझनचे अंतर्गत जोडकाम रॅमच्या वेगाशी बांधलेले असल्यामुळे बायोसमधील एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारा पर्याय, चालू करायला विसरू नये. एसएसडीविषयी एवढेच, की आज अनेक गेम शंभर जीबीच्या वर जातात, तेव्हा १ टीबीची एनव्हीएमई, म्हणजे थेट मदरबोर्डावर बसणारी वेगवान एसएसडी, घ्यावी. साधी तिसऱ्या पिढीची पुरेल, कारण आपला बोर्ड त्यापुढे धावणार नाही. पैसे कमी पडले, तर ही खरेदी दिवाळीपर्यंत थांबली तरी चालेल. एसएमपीएस मात्र थांबणार नाही.

प्रश्न : आमचे घर यंत्रमागाच्या शेडला लागून आहे. माझ्या कॉम्प्युटरमध्ये आय५-१२४००एफ, १२ जीबीचे आरटीएक्स ३०६० आणि ६५० वॉटचा चांगला एसएमपीएस आहे. दोन वर्षे उत्तम चालला. आता वीस मिनिटे खेळले की पंख्यांचा आवाज वाढतो आणि फ्रेम रेट निम्म्यावर येतो. मला लिक्विड कुलर घ्यावा लागेल असे सांगण्यात आले आहे. कार्डही बदलू का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : काहीही विकत घेऊ नये. आपला संच १०८०पी साठी आजही सक्षम आहे, आणि आपल्या पत्रातील पहिल्याच वाक्यात त्याचा आजार लिहिलेला आहे.

सुताची तूस ही साध्या धुळीसारखी नसते. धूळ पात्यांवर बसते आणि फुंकरीने उडते. तूस पंख्यातून आत ओढली जाते, कुलरच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर अडकते आणि थरावर थर चढत जाऊन तेथे घोंगडीसारखा पापुद्रा तयार होतो. पावसाळ्यात हवेतील ओल त्यात मुरली की तो अधिकच घट्ट बसतो. हा पापुद्रा पंख्याच्या नेमका खाली असतो, त्यामुळे कॅबिनेटची बाजू उघडून पाहिले तरी दिसत नाही आणि ब्लोअर मारूनही निघत नाही. इंटेलबरोबर आलेल्या कुलरच्या चार खुंट्या बाणाच्या दिशेने फिरवून वर ओढाव्यात, कुलर बाहेर काढावा आणि पट्ट्यांमध्ये वरून विजेरी मारून पाहावे. प्रकाश पलीकडे गेला नाही, तर कारण सापडले. चिमट्याने तो पापुद्रा बहुधा अखंड निघतो. मग जुनी पेस्ट पुसून वाटाण्याएवढी नवी लावावी, आणि खुंट्या मूळ दिशेला वळवून समोरासमोरच्या जोडीने, खट् आवाज येईपर्यंत दाबाव्यात. ग्राफिक्स कार्डाचेही तेच करायचे आहे; मात्र कार्ड वॉरंटीत असेल तर ते उघडू नये, पंख्यांच्या फटींतून नरम ब्रशने आणि ब्लोअरने होईल तेवढेच करावे.

ब्लोअर मारताना पंखा बोटाने अडवून धरावा. तो भन्नाट फिरताना पाहायला गंमत वाटते, पण त्याने बेअरिंग खराब होते. गॅरेजमधील कॉम्प्रेसरकडे कॉम्प्युटर नेण्याची आपल्याकडे सर्रास रीत आहे. ती टाळावी, कारण त्या हवेबरोबर टाकीतील पाण्याचे थेंबही येतात. एसएमपीएस स्वतः उघडू नये. प्लग काढल्यावरही त्यातील कपॅसिटरमध्ये धक्का बसेल इतका विद्युतभार उरतो.

सफाईच्या आधी आणि नंतर एचडब्ल्यूइन्फो या मोफत प्रोग्रामने तापमान लिहून ठेवावे. १२४००एफ १०० अंशांना पोहोचला की स्वतःचा वेग उतरवतो, आणि आरटीएक्स ३०६० तर ८३ अंशांच्या आसपासच हात आखडता घेऊ लागते. आपला फ्रेम रेट निम्म्यावर येतो तो या स्वसंरक्षणामुळेच.

लिक्विड कुलरचा सल्ला आपल्या घरासाठी तर उलटाच पडेल. त्याच्या रेडिएटरमधील पट्ट्या साध्या कुलरपेक्षाही जवळजवळ असतात, तेव्हा तूस तेथे आणखी लवकर बसेल, शिवाय पाणी फिरवणारा पंप हा बिघडण्याजोगा एक भाग वाढेल. त्यापेक्षा कॅबिनेटच्या हवा घेणाऱ्या प्रत्येक तोंडावर बारीक नायलॉनची जाळी लावावी, हवा आत घेणारे पंखे बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा संख्येने अधिक ठेवावेत म्हणजे फटींतून तूस ओढली जाणार नाही, आणि कॅबिनेट जमिनीवर न ठेवता टेबलावर ठेवावे. जाळी दर आठवड्याला झटकावी लागेल. शेड चालू असेल त्या दिवसांत चार दिवसांनी.

प्रश्न : आय५-१२४०० असलेल्या माझ्या कॉम्प्युटरला आरटीएक्स ४०६० आणि १४४ हर्ट्झचा मॉनिटर जोडला. खर्च भरपूर झाला, पण फरक काडीचाही नाही. कार्ड खराब असेल का?
— एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : कॅबिनेटच्या मागे जाऊन मॉनिटरची केबल कोठे खोचली आहे ते आधी पाहावे. आपल्या प्रोसेसरच्या नावापुढे एफ नाही, म्हणजे त्यात स्वतःचे ग्राफिक्स आहे. केबल वरच्या बाजूला, मदरबोर्डावरील उभ्या पट्टीत असेल, तर चित्र त्या अंगभूत ग्राफिक्सवरूनच येत राहते आणि नवे कार्ड शेजारी नुसते बसून असते. केबल खालच्या आडव्या पट्टीत, कार्डाच्या तोंडात घालावी. मग विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेट ६० वरून १४४ करावा; तो आपोआप बदलत नाही. संकोच वाटू देऊ नये, या दुरुस्तीसाठी पुण्याहून फोन करणारेही मी पाहिले आहेत.

प्रश्न : नवे कार्ड बसवल्यापासून वीज गेली की यूपीएस असूनही कॉम्प्युटर त्याच क्षणी बंद पडतो. यूपीएस ६०० व्हीएचा आहे. आजूबाजूला लेथ आणि इतर मशिन्स असल्याने दिवसातून अनेकदा दिवे मिचमिचतात. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्याही येतात. दुसरे कार्ड घ्यावे का?
— एक वाचक, शिवाजी उद्यमनगर

उत्तर : दोष कार्डाचा नाही. ६०० व्हीएच्या घरगुती यूपीएसची खरी ताकद बहुतेक वेळा ३६० वॉटच असते, आणि बॅटरी दोन-तीन वर्षे जुनी झाली की तेवढाही भार तिला क्षणभर पेलत नाही. पूर्वी आपला संच दीडशे वॉटवर चालत असेल, आता गेममध्ये तीनशेच्या पुढे जात असेल. आणखी एक कारण संभवते. स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेल्यावर मुख्य विजेसारखी गोलाईदार लहर देत नाहीत, पायऱ्यापायऱ्यांची देतात, आणि ॲक्टिव्ह पीएफसी, म्हणजे वीज घेण्याची रीत सुधारणारे सर्किट, असलेल्या काही चांगल्या एसएमपीएसना ती पचत नाही. परीक्षा सोपी आहे : गेम बंद करून, नुसता डेस्कटॉप पडद्यावर असताना यूपीएसचा प्लग काढावा. तेव्हा कॉम्प्युटर तगला तर प्रश्न भाराचा आहे, तेव्हाही पडला तर बॅटरीचा किंवा लहरीचा. नवा घेताना १००० व्हीए आणि ६०० वॉट हे दोन्ही आकडे पाहून घ्यावा, आणि शक्य असल्यास शुद्ध साइन वेव्हचा घ्यावा. त्यावर कॉम्प्युटर, मॉनिटर आणि राउटर एवढेच जोडावे. लेझर प्रिंटर कधीही नको.

झिणझिण्यांकडे मात्र आजच लक्ष द्यावे. एसएमपीएसच्या आत विजेतील खरखर गाळणारे कपॅसिटर थोडी वीज पत्र्याकडे सोडतात आणि ती अर्थिंगच्या तारेने जमिनीत जावी अशी योजना असते. अर्थिंग तुटलेले असेल तर ती आपल्या हाताची वाट पाहत पत्र्यावर थांबते. वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधील व्होल्टेज मोजून घ्यावे. ते एक-दोन व्होल्टच्या आसपास असावे. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात पाणी घालण्याची जुनी सवय अनेक घरांतून गेली आहे. तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचा कन्व्हर्टर लावला असेल, तर तो तेवढा फेकून द्यावा. हे दुरुस्त होईपर्यंत कॅबिनेटमध्ये कोणताही नवा भाग बसवू नये.

प्रश्न : मुलगा नववीत आहे. त्याला गेमसाठी कॉम्प्युटर हवा आहे. एका कार्यालयातून निघालेला आय५-६५०० चा चपटा डेस्कटॉप बारा हजारांत मिळतो आहे आणि त्यात बसवायला जुने आरएक्स ५८० कार्ड जाहिरातीवरून घ्यावे असे त्याचे म्हणणे आहे. मला यातले काही कळत नाही.
— एक पालक, कागल

उत्तर : चिरंजीवांनी हिशेब केला आहे याचे कौतुक आहे, पण ही जोडणी होणार नाही. आरएक्स ५८० हे १८५ वॉटचे, रुंद आणि उंच कार्ड आहे, त्याला एसएमपीएसमधून वेगळी वीजजोडणी लागते. चपट्या ऑफिस डेस्कटॉपमध्ये उंच कार्ड बसत नाही, एसएमपीएस बेताचा असतो, त्यात ही जोडणी सहसा नसते, आणि तो कंपनीच्या खास मापाचा असल्यामुळे बदलताही येत नाही. अशा मशिनमध्ये केवळ स्लॉटच्या ७५ वॉटवर चालणारी बुटकी कार्डे बसतात, उदाहरणार्थ २०२४ मध्ये आलेले ६ जीबीचे आरटीएक्स ३०५०. परंतु २०१५ मधील चार कोअरच्या प्रोसेसरवर इतका खर्च करणे मला पटत नाही. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ साठी इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा त्यापुढील प्रोसेसर लागतो. आय५-६५०० सहाव्या पिढीचा आहे.

माझी सूचना अशी, की आज कार्डच घेऊ नये. रायझन ५ ५६००जी हा प्रोसेसर स्वतःच्या ग्राफिक्सवर हलके गेम १०८०पी वर नीट चालवतो. त्याच्यासोबत बी५५० चा बोर्ड, ८ जीबीच्या दोन स्टिक आणि चांगला ५५० वॉटचा एसएमपीएस घ्यावा. स्टिक दोनच हव्यात, कारण अंगभूत ग्राफिक्स रॅमचीच मेमरी वापरते आणि एका स्टिकवर त्याचा वेग फार पडतो. दहावीची परीक्षा झाल्यावर याच संचात कार्ड बसवता येईल, तेव्हा बाकी काही बदलावे लागणार नाही. हा खर्च बारा हजारांच्या बराच वर जाईल, हे आधीच सांगून ठेवतो.

पुढे जुने कार्ड घेण्याची वेळ आलीच, तर आरएक्स ५८० च्या नावापुढे २०४८एसपी असे लिहिलेले नाही ना, हे पाहावे. मूळ कार्डात चित्र रंगवणारे २३०४ घटक, म्हणजे शेडर, असतात, यात २०४८, म्हणजे नाव ५८० चे आणि ताकद ५७० ची. अशी बरीच कार्डे सप्टेंबर २०२२ पर्यंत इथेरियम या आभासी चलनाच्या मायनिंगमध्ये रात्रंदिवस राबलेली आहेत. विक्रेत्याच्या घरी जाऊन, कार्ड त्याच्याच कॉम्प्युटरमध्ये असताना, अर्धा तास जड गेम चालवायला लावावा आणि पडद्यावर ठिपके किंवा रेघा उमटतात का ते बघावे. मूळ बिल मागावे, आणि बिलावरील सीरियल नंबर कार्डाच्या मागील स्टिकरशी स्वतः ताडून पाहावा.